तूरिदचा गुडघा

तूरिदच्या गुडघ्याला काहीएक झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी उगाच हळहळायला नको. सत्तरीला आलेल्या बाईचे दोन्ही गुडघे इतके ठणठणीत होते की खोऱ्यातल्या तरण्या पोरींनी हेवा करावा. तरी ईस्टरपासून ती लंगडत होती. दुकानात लंगडायची, चर्चच्या पायऱ्या लंगडत चढायची, आणि कहर म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात, नवऱ्यासमोरसुद्धा लंगडायची.

"तू लंगडतेस?" दुकानातल्या बाईने गल्ल्यावरून वाकून विचारलं. "मग आता आम्ही काय रांगत यायचं?"

बाईचं काही चुकलं नव्हतं. नॉर्वेत पोर उभं राहायला लागलं की त्याला डोंगरावर नेतात, चालणं ही काय सांगायची गोष्ट झाली? पण तूरिदचं चालणं सांगण्यासारखंच होतं. लहानपणी दर उन्हाळ्यात ती आईबरोबर गुरं घेऊन वरच्या कुरणावर जायची, आणि तिथून लोणी-चीजचं ओझं पाठीवर घेऊन एकटी खाली यायची. पुढे पंचायतीच्या नोकरीत म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं न्हाऊमाखू, जेवणखाण बघायची. गाडी मिळाली होती, ती मोडावर सोडून हिचं आपलं उतारावरून सरळ वर. रविवारी बाकीचे माथ्यावर पोहोचेपर्यंत हिची कॉफी पिऊन झालेली असायची. तिचा नवरा आर्नफिन लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी तेच सांगायचा, "लग्नाआधी मी हिची फक्त पाठ पाहिली होती. तोंड बघायचं तर लग्नच करावं लागलं." दरवर्षी लोक हसायचे, आणि तूरिद दरवर्षी त्याच्याकडे चमचा उगारायची.

हा आर्नफिन जन्मभर रस्त्याच्या कामावर. हिवाळ्यात डोंगरमाथ्यावर बर्फ लोटणारी गाडी चालवायचा. वादळ आलं की रस्त्याचं फाटक बंद करायचा, गाड्यांची रांग आपल्यामागे लावायचा आणि पलीकडे नेऊन सोडायचा. नाहीच जमण्यासारखं असलं तर शहरातल्या भल्याभल्यांना तिथून परत पाठवायचा. कुणी हुज्जत घातली की खिडकीत कोपर टेकून शांतपणे म्हणायचा, "मागे फिरण्यात लाज नाही." हा तिकडचा डोंगराचा नियम. पोरांना शाळेत पाढ्यांसारखा पाठ असतो. आर्नफिन बचाव पथकातही होता. दर ईस्टरला लोक सुट्टीत डोंगरावर निघायच्या आधी पथकाचं लाल जाकीट घालून शाळेत जायचा आणि पोरांकडून हा नियम तीन-तीनदा म्हणून घ्यायचा. किती जणांचे जीव त्याच्या त्या एका वाक्याने वाचले असतील देव जाणे.

फेब्रुवारीत त्याला हृदयाचा झटका आला. वाचला, पण हृदय पार थकलं. शहरातल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईने दोघांना समोर बसवून नीट सांगितलं, "सपाटीवर चाला. रोज चाला. पण चढ बंद. दम लागला, छाती दाबल्यासारखी झाली, तर तिथेच थांबायचं आणि हा फवारा जिभेखाली मारायचा." आर्नफिनने मान डोलावली. ती डॉक्टरीणबाई बिचारी परगावची. खोऱ्यातला पुरुष मान डोलावतो तेव्हा त्याने फक्त ऐकलेलं असतं, हे तिला कोण सांगणार?

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "माग्नहिलला यातलं अक्षर कळता कामा नये. झटका किरकोळ होता, गोळ्या चालू आहेत, एवढंच."

"सख्खी बहीण आहे तुझी!"

"म्हणूनच. ती मला सूप आणून देईल."

"मग दे ना आणू."

"आणि मोठमोठ्याने बोलेल माझ्याशी. शेजारच्या ओलाव्हशी बोलते तशी. त्याचा एक हात गेला गं, कान नाही गेले! तरी ही आपली ओरडते, 'ओलाव्ह, सू-ऽ-प!'" मग तो हसायचा थांबला. "ज्या दिवशी लोक माझ्याकडे तसं बघायला लागतील ना तूरिद, त्या दिवशी मी संपलो. वचन दे."

तिने वचन दिलं. द्यायला नको होतं. पण चाळीसेक वर्षं ज्याच्याबरोबर काढली त्या माणसाचा आवाज गाडीत तसा कापायला लागला तर काय करणार बाई?

आता खरी पंचाईत सुरू झाली. दर उन्हाळ्यात डोंगरावरचे रस्ते मोकळे झाले की आर्नफिन-तूरिद आणि माग्नहिल-पेदर असे चौघं पेदरच्या मोठ्या गाडीतून सहलीला निघायचे. सोग्नेफिएलच्या माथ्यावरून पलीकडे, खाली फ्योर्डला, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीला, बोटीने पैलतीरी, आणि दुसऱ्या घाटाने परत. वाटेत ठिकठिकाणी गाडी थांबवून 'छोटासा फेरफटका'. या खोऱ्यात छोटासा फेरफटका म्हणजे काय, ते परक्याने ऐकावं आणि घरीच बसावं. दोन हात टेकून चढावं लागत नाही त्याला इथे सपाट म्हणतात. आखणी दरवर्षी माग्नहिलची. तिला सगळ्या शिखरांची नावं पाठ आणि एकही गाळायची तिची तयारी नाही.

ईस्टरच्या दिवशी तिचा फोन आला. आर्नफिन ओट्यापाशी बसून संत्रं सोलत होता.

"या वर्षी हिमनदीच्या जिभेपर्यंत जाऊ," माग्नहिल फोनमधून खणखणीत बोलत होती. "छोटासाच फेरफटका आहे. आणि तो अस्वलाचा सुळका गेल्या वर्षी राहिला, तो आर्नफिनला करायचाच आहे. त्याला विचार. आहे का तिथे?"

तूरिदने नवऱ्याकडे बघितलं. तो संत्र्याची साल काढत होता, आणि त्याची मान हळूहळू हो म्हणायला हलत होती. तिला कळून चुकलं, हा जाणार. बहिणीसमोर नाही म्हणण्यापेक्षा हा त्या सुळक्यावर मरेल.

"माझा गुडघा गेलाय," तूरिद फोनमध्ये म्हणाली.

कुठून आलं ते तोंडात, तिचं तिलाच कळलं नाही. आर्नफिनने मान वर केली.

"तुझा?" माग्नहिल म्हणाली. "तुझा गुडघा?"

"उजवा. डॉक्टर म्हणाली चढ बंद. सपाटीवर चाला म्हणाली." खोटं बोलायला तिला शब्दसुद्धा शोधावे लागले नाहीत, तयारच होते. "तेव्हा यंदाची सहल मी आखते. सोपी, छोटी ठिकाणं. नाहीतर तुम्ही जा, आम्ही राहतो घरी."

फोन ठेवून ती उठली आणि लंगडली. आर्नफिन बघत होता. त्याने संत्र्याची अर्धी फाक तिच्यापुढे केली आणि म्हणाला, "कधीपासून दुखतोय?"

"बरेच दिवस."

"बोलली नाहीस."

"तू बोलतोस का?" एवढ्यावर तो विषय मिटला.

त्याला विश्वासात घ्यायला काय हरकत होती, असं कुणी म्हणेल. हरकत एकच. 'तुझ्यासाठी मी लंगडते' असं एकदा म्हटलं की ते सूपच झालं. मोठ्याने बोलायचं तेवढं बाकी राहिलं असतं.

पण करायला गेली एक अन् झालं भलतंच. बायकोचा गुडघा गेला म्हणताना दुसऱ्या दिवसापासून आर्नफिन लाकडांच्या टोपल्या स्वतः उचलायला लागला. "तू बस. गुडघ्याला जप." मग काय, तो उठायच्या आत ही पहाटे चोरासारखी उठायची, खोपटातून लाकडं आणून टोपली काठोकाठ भरून ठेवायची, पुन्हा अंथरुणात शिरायची आणि उजाडल्यावर कण्हत उठून लंगडायला लागायची. असं सोंग नाटकातल्या नटीलासुद्धा झेपलं नसतं.

वसंत ऋतूत सहलीची आखणी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला, त्यावर कॉफीच्या कपांची वर्तुळं. तूरिद चष्मा लावून उंचीच्या रेषा बघायची. रेषा जवळजवळ आल्या की तिचं बोट तिथून पळायचं, लांब लांब असल्या की थांबायचं. धबधब्यापाशी लाकडी सज्जा आहे, गाडीपासून पाच पावलं. तळ्याला खडीची वाट आहे, बाळगाडी जाते. जुना दगडी पूल, त्याच्या अलीकडे बाक. एकदा तर चुलतबहिणीकडे जाते म्हणून ती एकटीच गाडी घेऊन गेली आणि निम्मी ठिकाणं स्वतः चालून बघून आली, कुठे श्वास लागतो, कुठे बसायला दगड आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही लंगडी बाई वाऱ्यासारखी कुठे चालली?

"हा फेरफटका आहे?" आर्नफिन तिच्या खांद्यावरून नकाशात बघायचा. "याला मी टपालपेटीपर्यंत जाणं म्हणतो."

"माझ्या गुडघ्याला तेवढंच झेपतं."

"बरं बाई, तुझ्या गुडघ्याचं राज्य." आणि तो खिडकीपाशी जाऊन बसायचा. त्याचे खांदे सैल झालेले तिला दिसायचे. आपलं चाललंय ते ठीकच चाललंय, असं तिला वाटायचं.

एकच जागा तिने आखणीतून मुद्दाम गाळली होती. माथ्यावरच्या रस्त्याला लागून डोंगराची एक धार आहे, तिथे आर्नफिनच्या बापाने रचलेली दगडांची रास. बापही रस्त्याच्या कामावरच होता. वाट चुकलेल्याला लांबून दिसावी म्हणून त्याने ती रचली, आणि तो गेल्यापासून दोन्ही भावंडं दरवर्षी घरच्या ओढ्यातला एकेक दगड नेऊन तिच्यावर ठेवायची. गाडीपासून फार लांब नाही, पण शेवटचा टप्पा म्हणजे धोंड्यांवरून धोंड्यांवर, नाकासमोर चढ. तूरिदने दुसऱ्याच घाटाने जायचं ठरवलं. माग्नहिलने आखणी ऐकली मात्र, तिच्या नाकावरचा राग फोनमधून दिसला.

"बापाची रास वगळलीस? तुझा गुडघा तुझा, बाप आमचा!"

तूरिदने नवऱ्याकडे बघितलं. तो पाय ओढत येऊन फोनपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "जाऊ माथ्यावरूनच. खालून बघू." मग फोन ठेवल्यावर बायकोला म्हणाला, "खालून. म्हटलं ना."

जूनच्या अखेरीला निघाले. पहिला दिवस सोन्यासारखा गेला. सज्ज्यावरून धबधबा बघितला. तळ्याकाठी चौघं रांगेत चालले, पुढे तूरिद लंगडत, आणि तिच्या चालीने बाकीचे. माग्नहिल कंटाळून गेली. "पुढच्या वर्षी तुला बाळगाडीतच घालू," म्हणाली. "पेदर ढकलेल. नाहीतरी त्याला दुसरं काय येतं?" तूरिदने ते सगळं गिळलं. जिला आयुष्यात कुणी मागे टाकलं नव्हतं तिला हे ऐकताना काय झालं असेल ते तिचं तिला ठाऊक. पण मागून आर्नफिन शीळ घालत येत होता. शीळ घालायला श्वास पुरतोय ना, मग बोलू दे माग्नहिलला काय बोलायचं ते. रात्री लाकडी खोलीत साईची लापशी आणि सुकवलेलं मटण खाल्लं, आणि आर्नफिनने दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माथ्यावर पोहोचले. ऊन लख्ख, वारा बोचरा, रस्त्याकडेला अजून बर्फाचे ढिगारे. बाकावर डबे उघडले, पावावर तपकिरी चीज, थर्मासमधली कॉफी, मग संत्रं आणि चॉकलेट. वर धारेवर बापाची रास बोटाएवढी दिसत होती. माग्नहिलने खिशातून ओढ्यातला गुळगुळीत दगड काढला. आर्नफिननेही काढला. त्याने तो घरून आणलाय हे तूरिदला माहीतच नव्हतं. तिच्या हातातला पाव हातातच राहिला.

"चल आर्नफिन," माग्नहिल उठली. मग तिने तूरिदकडे बघितलं आणि पुन्हा बसली. "नको. लंगड्या बाईला इथे एकटीला कसं टाकायचं? पेदर गाडीत घोरतोय. मी बसते हिच्याजवळ. तू माझाही दगड घेऊन जा. आणि बाबांना सांग, तुमच्या सुनेचा गुडघा आडवा आला."

"अगं, तू जा ना!" तूरिद म्हणाली. "मला काही होत नाही. दोघं जा. नाहीतर कुणीच नको, वारा बघ केवढा आहे."

"वारा!" माग्नहिल हसली. "ऐकलंस का रे? बर्फाच्या वादळात रस्ते खुले ठेवणाऱ्याला ही वाऱ्याची भीती घालते."

आर्नफिन दोन्ही हातांत दोन दगड घेऊन उभा होता. तूरिद त्याच्याकडे बघत होती. 'नाही म्हण. एकदाच नाही म्हण.' त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग तो म्हणाला, "येतो लगेच. तू गुडघ्याला जप."

आणि तो लाल जाकीट घालून निघाला. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना, तसला हा कोरडा पाषाण. आणि तूरिद? तिला ओरडावंसं वाटत होतं. एक वाक्य बोलली असती तर माग्नहिलने त्याला खेचून आणला असता. पण गाडीत तिने वचन दिलं होतं. आणि उठून त्याच्याबरोबर जायचं तर तीही सोय तिने स्वतःच बंद करून ठेवली होती. ईस्टरपासून खपून तिने जे कुंपण त्याच्याभोवती घातलं होतं, त्यात आता तीच अडकून पडली.

माग्नहिल बोलत होती, ओलाव्हच्या हाताबद्दल, ओलाव्हच्या सुनेबद्दल. तूरिद फक्त लाल ठिपक्याकडे बघत होती. ठिपका दगडावरच्या लाल खुणांच्या वाटेने वर सरकला. थांबला. पुन्हा सरकला. मग एका मोठ्या खडकाच्या खांद्यामागे गेला. आता तो पलीकडून निघेल. आता निघेल. माग्नहिलने कॉफी ओतून दिली, ती तूरिदच्या हातात गार झाली. ठिपका निघाला नाही.

"मी जरा आडोशाला जाऊन येते," तूरिद उठत म्हणाली.

"येऊ का धरायला?"

"तेवढं अजून माझं मला जमतं."

बाकापासून पहिल्या मोठ्या धोंड्यापर्यंतचं अंतर ते किती, अंगणाएवढं. पण माग्नहिल बघत होती, म्हणून ते तूरिदला लंगडत जावं लागलं. वर नवरा पडलाय की बसलाय की संपलाय ठाऊक नाही, आणि ही एकेक पाय ओढत, मध्ये थांबून मांडी चोळत चाललीय! सबंध आयुष्यात ती एवढं कधी थकली नव्हती. धोंड्याआड गेली, आणि मग जी सुटली ती ओढ्याच्या घळीतून, वाकून, हाताने दगड धरत, सरळ वर. कुरणावरून लोणी आणणारी पोर धावायची तशी.

तो खडकामागे बसला होता. जिवंत होता. तोंड राखेसारखं, ओठ निळसर, एक हात छातीवर, आणि दोन्ही दगड मांडीत. फवारा त्याच्या दुसऱ्या जाकिटात, गाडीत. पण तूरिदच्या खिशात एक होताच, फेब्रुवारीपासून होता. तिने त्याचं तोंड उघडलं, औषध मारलं आणि त्याचं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. देवाचं नाव तिने ठेवणीत ठेवलं होतं, ते सगळं तिथे खर्च केलं.

बऱ्याच वेळाने त्याचा श्वास जागेवर आला. त्याने वर बघितलं.

"धावत आलीस."

"हो."

"गुडघा?"

"खड्ड्यात गेला गुडघा!" आणि मग तिला रडू फुटलं. "मूर्खा! मेला असतास! मी काय खाली बसून कॉफी पीत तुझं मरण बघायचं होतं? कशासाठी रे? त्या माग्नहिलच्या सूपासाठी?"

तो तिच्या हाताशी खेळत राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं."

"काय?"

"लाकडांची टोपली रोज भरलेली असायची. लंगडी बाई पहाटे खोपटापर्यंत जाते होय? आणि मे महिन्यात दोन दिवस तू डाव्या पायाने लंगडत होतीस." त्याला हसू आलं, पण छातीने येऊ दिलं नाही. "बोललो नाही, कारण मला बरं पडत होतं ते. सगळे तुझ्या गुडघ्यासाठी थांबत होते. माझ्यासाठी कुणी थांबत नव्हतं. लाज वाटायची, पण बरं वाटायचं."

तूरिद त्याच्याशेजारी बसली. खालून वारा येत होता.

"मी इथून मागे फिरत होतो," तो म्हणाला. "चढवेना. वळलो, तर उतरवेनासुद्धा. पोरांना शिकवायचो ना मी, मागे फिरण्यात लाज नाही म्हणून? खोटं आहे ते. फार लाज आहे."

"मग तसं शिकवायचं होतंस. लाज वाटेल, तरी फिरा म्हणून."

त्याने मान डोलावली, आणि या वेळी ती खरी होती. मग मांडीतले दगड तिच्या हातात दिले. "जा. ठेवून ये. नीट चालून जा, म्हणजे बघू दे मला. किती दिवस झाले तुझी पाठ बघून."

ती गेली. त्या शेवटच्या चढावर, बाकावरून न दिसणाऱ्या बाजूने, धोंड्यांवरून धोंड्यांवर, न थांबता. वाकून, मागच्या अंगाने दोन्ही दगड राशीवर ठेवले आणि वळून बघितलं, तर तो खाली बसून तिच्याकडे एकटक बघत होता.

उतरताना त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळा भार तिच्यावर दिला. खडकाच्या आडून बाहेर पडायच्या आधी तो थांबला. "तूरिद," म्हणाला, "लंगड."

तिने त्याच्याकडे बघितलं. मग ती लंगडायला लागली.

खालून माग्नहिलचा आवाज आला, "अगं बाई! ही तिथे कशी पोहोचली? आर्नफिन, पडली का रे ती?"

"वाट चुकली," आर्नफिनने होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून सांगितलं. "मला हाक मारली. आणतोय."

लांबून बघणाऱ्याला काय दिसलं? लाल जाकिटातला उंच माणूस लंगड्या बायकोला कवेत घेऊन सांभाळून उतरवतोय. माग्नहिलचे डोळे भरून आले. तिने फोन काढून फोटो घेतला. मग तूरिदला असं काही झापलं की पेदरसुद्धा गाडीतून उठून आला. "आडोशाला म्हणून जातेस आणि डोंगर चढतेस? या वयात बिचाऱ्याला तुला वाहून आणावं लागलं!" तूरिद खाली मान घालून ऐकत होती. फ्योर्डकाठच्या गावात पोहोचल्यावर ती एवढंच म्हणाली, की गुडघा दवाखान्यात दाखवायला हवा, आणि आर्नफिनने आत बरोबर यावं. आत डॉक्टरने आर्नफिनला तपासलं, गोळ्या वाढवल्या, लगेच शहरात दाखवा म्हणून दटावलं. बाहेर येताना तूरिदच्या गुडघ्याला पांढरंशुभ्र बँडेज होतं. तेही तिनेच मागून घेतलं होतं.

आर्नफिन ऑक्टोबरात गेला. खिडकीपाशी बसल्या बसल्या, वरच्या कड्यांवर पहिला बर्फ पडला होता तो बघत.

दफनानंतर चर्चच्या सभागृहात सगळे जमले. पाव, केक, कॉफी, आणि रिवाजाप्रमाणे आठवणी. माग्नहिल उभी राहिली. तिच्या हातात तो फोटो होता, मोठा करून चौकटीत घातलेला. "हे आम्हाला आत्ता कळलं," ती रडत म्हणाली, "की त्याचं हृदय फेब्रुवारीपासून निकामी होतं. कुणाला बोलला नाही. आणि तशा हृदयाने माझ्या भावाने आपल्या बायकोला डोंगरावरून उतरवून आणलं. असा होता आर्नफिन." सभागृहात एकही डोळा कोरडा राहिला नाही. फोटो हातोहात फिरला.

फिरत फिरत तो मागच्या टेबलापाशी गेला. तिथे दुकानातली बाई शेजारणीला हळूच म्हणाली, पण जागा छोटी, तूरिदच्या कानावर आलंच, "त्या दिवशी हिचा भार उचलला नसता तर आणखी पाच-दहा वर्षं जगला असता गं."

तूरिदने कप खाली ठेवला. नुसतं उठून सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेली असती तरी पुरे होतं. नवरा आता नव्हता, वचन संपलं होतं, सूप कुणी कुणाला देणार नव्हतं. पण फोटो मागच्या टेबलावरून पुढे परत येत होता, आणि ज्याच्या हातात जाई तो क्षणभर ताठ बसे. शाळेतली पोरं आली होती, आता बाप्ये झालेली, तीसुद्धा. तूरिद उठली. कॉफीच्या टेबलाकडे निघाली, आणि उजवा पाय ओढत गेली.

"बस तू, मी आणते," माग्नहिल म्हणाली.

"राहू दे. सवय झालीय."

अजूनही ती रोज चालायला जाते. घरामागच्या रानातून चढाने वर, अगदी पूर्वीसारखी, वाऱ्यासारखी. खालच्या रस्त्यावर गाडीचा आवाज आला की लंगडायला लागते.